धातू व्यवसायातील बांधवांनी संघटनेत का यावे?

आम्ही कापडाचे व्यापारी. लोखंडाच्या पेठेत आमचे काय काम, असे कोणी विचारील. पण ज्या यंत्रमागावर कापड विणले जाते तो मागही बिडाच्या ओतकामातूनच उभा राहतो, आणि मंदीत मागवाल्याचा धीर सुटला की तोच माग किलोच्या भावाने भंगारात जातो. इचलकरंजीचे कितीतरी जुने माग असे भंगाराच्या काट्यावर चढलेले आम्ही पाहिले आहेत. तेव्हा सुताचे आणि लोखंडाचे नाते जवळचे आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत कापड बाजाराने जो अनुभव घेतला, त्याचा उपयोग उद्यमनगरातील लेथवाल्याला, शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला, भंगाराच्या गोदामवाल्याला आणि हुपरीच्या चांदी कारागिराला व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

विषय एकच आहे : आपल्या धंद्याच्या संघटनेचे सभासदत्व. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. धातूच्या कामात आपले लोक कमी नाहीत. शिकलगार मंडळींचा तर धातूशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. वेल्डिंग, फॅब्रिकेशन, लेथ, मोल्डिंग, गॅरेज, भंगार, जिथे जावे तिथे आपला उस्ताद किंवा त्याचा शागीर्द भेटतो. पण धंद्याच्या संघटनांच्या बैठकीत त्या मानाने आपली माणसे दिसत नाहीत. हात कामात आहेत आणि आवाज कुठेच नाही, अशी ही स्थिती आहे. ती बदलली पाहिजे आणि ती बदलणे आपल्याच हातात आहे.

कापडवाल्यांचा अनुभव

१९५७ पासून कापडावर विक्रीकराच्या जागी अतिरिक्त अबकारी शुल्क होते आणि ते गिरणीच्या दारातच वसूल होत असे. त्यामुळे कापड दुकानदाराच्या दोन पिढ्यांना विक्रीकराच्या कचेरीची पायरी फारशी ठाऊकच नव्हती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ‘रिटर्न’ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. ते आम्ही शिकलो ते व्यापारी संघटनेच्या बैठकांत, सतरंजीवर बसून, शेजारच्या दुकानदाराच्या वहीत डोकावून.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचना निघाली की १ जानेवारी २०२२ पासून कापडावरील कर ५ टक्क्यांऐवजी १२ टक्के होणार. सुरतेपासून भिवंडी-इचलकरंजीपर्यंत संघटना उठल्या. निवेदने गेली, बाजार बंद राहिले, अनेक राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी विषय उचलून धरला. शेवटी ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे अंमल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, जीएसटी परिषदेने कापडाची वाढ पुढे ढकलली.

आता यातली दुसरी बाजू पाहा. त्याच अधिसूचनेत हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांचा करही ५ वरून १२ टक्के केला होता. तो मात्र १ जानेवारी २०२२ रोजी ठरल्याप्रमाणे लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर पुन्हा ५ टक्के कर आला, पण मधली पावणेचार वर्षे गेली ती गेलीच. कोल्हापूर हे चपलेचे गाव. त्या वर्षांचा भार कुणाच्या पाठीवर पडला हे इथे कुणाला सांगायला नको. यामागे इतर कारणेही असतील, आम्ही ती नाकारत नाही. परंतु घरोघरी बसून चप्पल शिवणारा कारागीर विखुरलेला आहे आणि कापडाचा बाजार बांधलेला आहे, हे त्यातले एक मोठे कारण आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

चपलेचेच आणखी एक उदाहरण. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र लिहिले तेव्हा या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतून घेतल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. उलट मुंबई उच्च न्यायालयात याच प्रश्नावर जी जनहित याचिका गेली ती फेटाळली गेली. भौगोलिक मानांकनाची नोंद ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, तुमचा अधिकार कोणता, असा तेथील सवाल होता. ही नोंद महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने करार केला तोही या दोन महामंडळांशीच. यातून धडा हा, की हक्क खरा असला तरी तो मागायला नोंदलेली संस्था लागते. एकट्याची तळमळ दारातच अडते.

भंगारवाल्यांसाठी हा प्रश्न आजचा आहे

धातूच्या साखळीत आपल्या समाजाचा सर्वांत मोठा वाटा भंगारात असावा असे आम्हाला वाटते. हातगाडीवाला गल्लीतून माल आणतो, तो छोट्या गोदामात देतो, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून फाउंड्रीच्या भट्टीत. कोल्हापुरात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत असे म्हटले जाते. त्या सर्वांची भूक बिडावर आणि भंगारावर चालते.

या साखळीचा कायदा १० ऑक्टोबर २०२४ पासून बदलला आहे, आणि आमच्या ओळखीच्या कितीतरी गोदामवाल्यांना ते अनेक महिने माहीतच नव्हते. बदल दोन आहेत. पहिला असा, की जीएसटी नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले तर त्यावरचा १८ टक्के कर आता घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने स्वतः भरायचा. एक लाखाचा माल फेरीवाल्यांकडून घेतला तर अठरा हजार आधी रोखीने सरकारात भरावे लागतात आणि मग त्याची वजावट मिळते. दुसरा असा, की नोंदणीकृत व्यापाऱ्याने दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला भंगार विकले आणि त्या व्यवहाराच्या कराराची किंमत अडीच लाखांवर असली, तर घेणारा बिलातून २ टक्के कापून सरकारात भरतो. पाच लाखांच्या मालावर दहा हजार कापले जातात. ही रक्कम बुडत नाही, आपल्या रोख खात्यात जमा होते. मात्र कापणाऱ्याने त्याचे विवरणपत्र भरले पाहिजे आणि आपण पोर्टलवर ते स्वीकारले पाहिजे. ज्याला हे कळले नाही त्याचे भांडवल महिनोन्‌महिने अडकले. भंगारासारख्या धंद्यात किलोमागे रुपया-दोन रुपये सुटतात, तिथे भांडवल अडकणे म्हणजे धंदाच अडकणे.

पहिल्या बदलाची मागणी धातू पुनर्प्रक्रिया क्षेत्रातील संघटना अनेक वर्षे करीत होत्या. कारण पूर्वी मागच्या विक्रेत्याने कर बुडविला की नोटीस पुढच्या घेणाऱ्याला येई आणि त्याची वजावट नाकारली जाई. म्हणजे जे बोलत होते त्यांचे थोडेफार ऐकले गेले. पण छोट्या गोदामवाल्याच्या रोख रकमेचे काय, हे सांगायला छोटा गोदामवाला त्या बैठकीत होता का? नसेल, तर त्याची अडचण कुणी मांडणार तरी कशी?

आणि पुढचे पाऊलही येऊन ठेपले आहे. अॅल्युमिनियम, तांबे, जस्त आणि त्यांच्या मिश्रधातूंच्या भंगाराबाबत उत्पादकांची जबाबदारी ठरविणारे नियम केंद्र सरकारने २०२५ मध्ये अधिसूचित केले. त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली आहे. पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना त्यात नोंदणी करावी लागते. एकदा मोठे कारखाने नोंदलेल्यांशीच व्यवहार करू लागले की कागद नसलेला माणूस, त्याचा माल कितीही चोख असो, साखळीतून गळतो. अशा गोष्टीची खबर वेळेवर पोचविणारे साधन म्हणजे संघटनेचे परिपत्रक.

थकलेले पैसे आणि विजेचे बिल

लेथवाले, मशीन शॉपवाले, पॅटर्नमेकर यांचे दुखणे वेगळे. काम वेळेवर द्यायचे आणि पैशासाठी चार-चार महिने फेऱ्या मारायच्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती मोफत आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : उशिराच्या पैशाचे हे संरक्षण माल बनविणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही.

कायदा इतका चांगला असताना लोक तक्रार का करीत नाहीत? कारण उघड आहे. ज्या एका कारखान्याच्या कामावर लेथ चालतो त्याच्याविरुद्ध अर्ज केला तर उद्या काम बंद होईल ही धास्ती. आमच्या मते संघटनेचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. संघटना सभासदाचे नाव न घेता बोलू शकते. ‘आमच्या वीस सभासदांची देयके मुदतीबाहेर थकली आहेत’ असे पत्र गेले की त्यात कुणा एकाची मान पुढे होत नाही. एकट्याने तोंड उघडले तर ते गाऱ्हाणे ठरते. तेच संघटनेच्या पत्रावर गेले की समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

विजेचेही तसेच. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. म्हणजे युनिटमागे एक रुपया वाढला की टनामागे सहाशे रुपये वाढले. महिन्याला शंभर टन ओतणाऱ्या लहान फाउंड्रीला हा साठ हजारांचा फटका. वीजदर ठरविण्यापूर्वी राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवितो, जाहीर सुनावणी घेतो. हरकत कुणालाही घेता येते. पण वीज कंपनीचा शेकडो पानांचा प्रस्ताव वाचून, त्यातले आकडे तपासून उत्तर लिहिणे एका फाउंड्रीवाल्याला झेपणारे नाही. संघटना त्यासाठी जाणकार नेमते आणि खर्च सर्वांत वाटला जातो. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ यांनी वीजदराचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आहे. त्याचा लाभ सभासद नसलेल्यालाही मिळतो हे खरे. पण दुसऱ्याच्या छत्रीत किती दिवस चालायचे?

शिकणे आणि सुधारणे

१९५० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन या देशव्यापी संस्थेची शाखा कोल्हापुरात आहे. वाळूचे मिश्रण, कास्टिंगमधील दोष, भट्टीची काळजी यांवर अशा संस्थांतून व्याख्याने आणि वर्ग होतात. आपला मोल्डर तीस वर्षांच्या अनुभवाने वाळू मुठीत दाबून तिची ओल सांगतो. हे कसब अमोल आहे. पण आज गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा दाखला मागते. मुठीचा दाखला त्याला चालत नाही. उस्तादाच्या मुलाने दाखल्याची भाषा शिकली तर बापाचे कसब आणि मुलाचा कागद मिळून धंदा टिकेल.

सामाईक सोयी उभ्या करायच्या तरी संघटित गट लागतो. केंद्र सरकारने २००३ मध्ये औद्योगिक पायाभूत सुविधांची जी योजना आणली, तिच्यातून बेळगावला फाउंड्री क्लस्टर आणि इचलकरंजीला कापडाचे क्लस्टर उभे राहिले. महागडी यंत्रे, तपासणीच्या प्रयोगशाळा एकट्या लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरच्या. गटाने घेतल्या की प्रत्येकाला भाड्याने वापरता येतात. अशा योजनेचा अर्ज एका दुकानाच्या नावाने करताच येत नाही.

हुपरीच्या चांदी कारागिरांना तर संघटनेचे महत्त्व सांगायला नको. २०२५ मध्ये चांदीने किलोला दोन लाखांचा टप्पा ओलांडला. पैंजण-जोडवी घडविणाऱ्याला तेवढ्याच वजनाच्या कामासाठी दुपटीहून अधिक भांडवल लागू लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवर ओळख क्रमांकासह हॉलमार्क सुरू झाला आहे. तो सध्या ऐच्छिक आहे. सोन्याचा हॉलमार्क १६ जून २०२१ पासून सक्तीचा झाला तेव्हा चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सराफांना सूट मिळाली. उद्या चांदीची सक्ती आलीच, तर घरातल्या ओसरीवर काम करणाऱ्या कारागिराला सूट कशी मिळेल, याचा विचार आजच आणि एकत्र बसून व्हायला हवा.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप नेहमीचा : संघटना मोठ्यांची असते, छोट्याला कोण विचारतो? यात तथ्य आहे. काही ठिकाणी सत्कार, हार-तुरे आणि फोटो यांतच वर्ष जाते. पण रिकाम्या खुर्चीचे मत कुणी मोजत नाही. वर्गणी भरून घरी बसणाऱ्याला तक्रारीचा हक्क उरत नाही. चार बैठकांना जा, एक प्रश्न लेखी द्या, इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते पाहा. निवडणुकीत मत द्या. मग तक्रार करा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आमचा हिशेब साधा आहे. कराच्या एका नोटिशीला उत्तर द्यायला वकिलाला आणि सल्लागाराला जी फी मोजावी लागते, तिच्यापुढे वर्षाची वर्गणी फार वाटणार नाही.

तिसरा संकोच बोलून दाखविला जात नाही, म्हणून आम्हीच बोलतो. आपले अनेक कारागीर उर्दू शाळेत शिकलेले किंवा शाळा लवकर सुटलेले. परिपत्रकाची मराठी आणि त्यातले इंग्रजी शब्द पाहून त्यांना वाटते, तिथे आपले हसे होईल. आमचेही शिक्षण उर्दू माध्यमातच झाले. सुरुवातीला जड गेले, पण बाजाराची भाषा हिशेबाची असते आणि ती आपल्याला येते. बैठकीत कुणी आमच्या उच्चारावर हसले नाही. माल, भाव आणि कर यांवर मुद्द्याचे बोलणाऱ्याचे सगळे ऐकतात.

चौथी सूचना अधूनमधून येते, की आपल्या समाजाच्या धातू व्यावसायिकांची वेगळी संघटना काढावी. शिष्यवृत्ती, दवाखाना, लग्नकार्य यांसाठी जमातीच्या संस्था आहेत आणि असाव्यात. पण विजेचा दर, जीएसटीचा नियम आणि थकलेले बिल यांना जातधर्म नसतो. भट्टी सगळ्यांची एकाच तापमानाला तापते. धंद्याच्या प्रश्नावर सरकार आकडा पाहते. आपण वेगळे झालो तर आपला आकडा घटतो आणि बाकीच्यांचाही घटतो. शिवाय रोजच्या बैठकीतील ओळख बाजारात अडीअडचणीला उपयोगी पडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गोदामात पाणी शिरले. विमा कंपनीचा माणूस आठवडा झाला तरी फिरकेना. संघटनेने सगळ्यांचे दावे एकत्र करून बाजारातच त्यांची बैठक लावली, तेव्हा पंचनामे सुरू झाले. रांगेत कोण कुणाच्या पुढे, हे त्या दिवशी दावा क्रमांकाने ठरले, आडनावाने नाही.

सभासद होण्यापूर्वी

डोळे मिटून कुठेही पैसे भरू नयेत. संघटना नोंदणीकृत आहे का, दरवर्षी हिशेब तपासून सभेत मांडते का, लहान सभासदाला मताचा अधिकार आहे का, परिपत्रके वेळेवर येतात का, हे विचारावे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, आपले दुकान ज्या वसाहतीत आहे तिथली संघटना आधी पाहावी. उद्यम नोंदणी, जीएसटी नोंदणी आणि दुकानाचे कागद तयार ठेवावेत. भंगारवाल्यांची गावपातळीवर संघटना नसेल तर दहा-वीस जणांनी मिळून ती नोंदवावी आणि जिल्ह्याच्या चेंबरशी जोडून घ्यावी.

एक इशारा मात्र देतो. संघटना म्हणजे भाव ठरविण्याचा अड्डा नव्हे. सर्वांनी मिळून अमुक भावाखाली विकायचे नाही असे ठरविणे स्पर्धा कायद्याने गुन्ह्यासारखेच महाग पडते. २०१६ मध्ये स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांबरोबर त्यांच्या संघटनेलाही दंड ठोठावला होता. गिऱ्हाईकाला नाडण्यासाठी एक होणे आपल्याला शोभतही नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला हे सगळे नवे नाही. दोन म्हशी असलेल्या शेतकऱ्याला दुधाचे बिल ठरल्या दिवशी मिळते, कारण त्याच्या पाठीशी १९६३ पासून दूध संघ उभा आहे. ऊस उत्पादक जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जमतो तो भाव मागायला, आणि एकटा नसतो म्हणून त्याचे ऐकले जाते. शहरात आलेला टोल २०१५ च्या अखेरीस हटला तो गल्लीगल्लीतले लोक रस्त्यावर आले म्हणून. दूधवाल्याला, ऊसवाल्याला जे जमले ते लोखंड वाकविणाऱ्या हातांना का जमू नये?

तेव्हा धातूच्या धंद्यातील आपल्या प्रत्येक बांधवाला आमची विनंती आहे. या महिन्यात आपल्या वसाहतीतील संघटनेच्या कार्यालयात जा. सभासदत्वाचा अर्ज घ्या, मागच्या तीन महिन्यांची परिपत्रके मागून घ्या आणि ती मुलाकडून वाचून घ्या. त्यातले एक जरी आपल्या धंद्याला लागू पडले, तरी वर्गणीची किंमत आपोआप कळेल.